विंचवाचं बिऱ्हाड आणि चाकावरचं घर



'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. दसरा झाला की आपल्या गावांतून ट्रॅक्टर निघतात. मागं दोन ट्रॉल्या. त्यांत पीठ, जळण, पत्र्याची पेटी, वाकळा, कोंबड्या, लेकरं, आणि सगळ्यांच्या वर कोपीसाठी बांबू नि ताडपत्री. आज आम्ही ज्या घराचा इतिहास सांगणार आहोत, तेही असंच गाडीच्या मागं ओढत नेतात. फरक एवढाच, की ते बहुतेक वेळा हौसेनं नेतात. अमेरिकेत त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आपल्याकडं आता कॅरॅव्हॅन हा शब्द रुळायला लागला आहे.

हा विषय कशासाठी, असं कुणी विचारेल. २०२१ साली आपल्या राज्याच्या पर्यटन विभागानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून गटांच्या बैठकीत अधूनमधून प्रश्न येतो: अशा गाड्या आपल्या भागात आल्या, तर आपल्याला काही काम मिळेल का? प्रश्न चांगला आहे. पण एखादी वस्तू आपल्या दारात येण्याआधी ती कुठून आली, कुणाच्या गरजेतून झाली, तिनं कुणाचं भलं केलं आणि कुणाला बाहेर ठेवलं, हे माहीत असावं. म्हणून आज थोडा इतिहास.

तंबू, मोटार आणि पुन्हा तीच चूल

आधी वस्तू नीट समजून घेऊ. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेली, मोटारीच्या मागं जोडायची चाकांची खोली. आत झोपायची जागा, ओटा, पाण्याची टाकी, दिवा, नंतरच्या काळात संडास-न्हाणीसुद्धा. मुक्कामाला पोचलं की ट्रेलर सोडून ठेवायचा आणि मोकळी मोटार घेऊन बाजाराला जायचं. आपली ट्रॉली सोडून ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला नेतो ना, तसंच.

गोष्ट सुरू होते मोटारीपासून. १९०८ साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून मॉडेल टी नावाची मोटार बाहेर पडली. तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. ती उतरत उतरत १९२५ पर्यंत २६० डॉलरवर आली. मग शेतकरी, शिक्षक, दुकानदार अशा साध्या माणसांच्या दारात मोटार उभी राहिली. सुट्टी लागली की लोक तंबू बांधून घ्यायचे आणि निघायचे.

पण तंबूत स्वयंपाक कुणी करायचा? स्वतः फोर्ड, विजेच्या दिव्याचे एडिसन आणि टायरवाले फायरस्टोन हे तिघं १९१५ पासून काही वर्षं अधूनमधून असे रानात मुक्कामाला जात. त्यांच्यासोबत स्वयंपाकाची वेगळी मोटार आणि आचारी असे. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून येत, रानात राहण्याची गंमत वर्णन केली जाई. साध्या घरातल्या बाईची गंमत मात्र निराळी होती. घरी ओट्याशी उभी राहायची ती सुट्टीत जमिनीवर उकिडवी बसून, ओल्या लाकडावर, धुरात स्वयंपाक करायची. नवरा मासे धरायला गेला, पोरं पोहायला गेली, आणि हिचं काम मात्र घरच्यापेक्षा वाढलं.

१९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा गावी अशा तंबूवाल्यांनी एक संघटना काढली. डबाबंद अन्नावर गुजराण करायची, म्हणून नाव पडलं 'टिन कॅन टूरिस्ट्स', म्हणजे डबेवाले प्रवासी. मोटारीच्या पुढच्या टोपणावर ते रिकामा डबा डाग देऊन बसवायचे. रस्त्यात असा डबा दिसला की ओळख पटायची आणि एकमेकांच्या मदतीला थांबायचं. नावातच पाहा, अडचण पोटाची होती.

ट्रेलर झाला तो ओट्यासाठी

१९२९ साली डेट्रॉईटचे आर्थर शर्मन नावाचे गृहस्थ कुटुंबाला घेऊन सुट्टीवर गेले. ते जंतुशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडं उघडून उभा करायचा तंबूचा ट्रेलर होता. पाऊस आला आणि तो काही लवकर उभा राहीना, सगळे भिजले. घरी आल्यावर त्यांनी लाकडी भिंतींची पेटीच बांधून घेतली: सहा फूट रुंद, नऊ फूट लांब, आत कपाटं आणि झोपायच्या फळ्या. दिसायला अगदी ओबडधोबड. पुढच्या वर्षी त्यांनी डेट्रॉईटच्या मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली आणि मागणी सुरू झाली. 'कव्हर्ड वॅगन' हे नाव तिला पडलं. १९३६ पर्यंत त्यांची कंपनी ट्रेलर बनवणारी देशातली सगळ्यात मोठी कंपनी झाली होती.

दुसरे गृहस्थ वॉली बायम. लहानपणी ते मेंढ्या राखायचे आणि एका दोन चाकी गाड्यात राहायचे. त्यात रॉकेलचा स्टोव्ह, खाणं, पाणी आणि अंथरूण. आपल्याकडं धनगर बाया घोड्याच्या पाठीवर सगळा संसार बांधतात, त्यातलाच प्रकार. मोठेपणी ते कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. त्यांच्या कंपनीचा इतिहास सांगतो, की त्यांची पत्नी मॅरियन यांना जमिनीवर तंबूत राहणं अजिबात पसंत नव्हतं. ओटा सोडून आपण येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग बायम यांनी मॉडेल टीच्या सांगाड्यावर आधी तंबू बसवून पाहिला, नंतर थेंबाच्या आकाराची बंदिस्त खोली केली. आत स्टोव्ह आणि बर्फाची पेटी ठेवली.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबू. इतिहासात नाव लागलं ते बायम यांचं. पण गाडीत ओटा आला तो मॅरियनबाईंच्या 'नाही'मुळं. कुठलीही सोय कुणीतरी बाई नाही म्हणाली म्हणून झाली, अशा गोष्टी आपल्या गावांतही सापडतील. पाण्याच्या टाकीच्या, दळणाच्या गिरणीच्या. त्या लिहून ठेवल्या जात नाहीत, इतकंच.

तेव्हाचे ट्रेलर इतके ठेंगणे असत, की आत वाकूनच वावरावं लागे. बायम यांनी दोन चाकांच्या मधली जमीन खाली घेतली आणि छत वर उचललं. आता बाईला ताठ उभं राहून भाजी फोडणीला टाकता आली. त्यांनी ट्रेलर कसा बांधायचा याचे नकाशे छापून विकायला काढले. शंभर डॉलरच्या आत घरीच बांधता येईल, असा तो हिशोब होता. मंदीचे दिवस होते, तरी लोकांनी नकाशे घेतले आणि परसात बसून खटाखट ट्रेलर ठोकले. म्हणजे हे घर आधी कारखान्याचं कमी आणि परसातलं जास्त होतं. जो तो आपल्या सोयीनं फळी वर-खाली लावायचा.

१९३६: एकच वर्ष, वेगवेगळे रस्ते

या इतिहासात १९३६ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या वर्षी बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीनं 'क्लिपर' नावाचा ट्रेलर बाजारात आणला. लाकडाऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा, विमानासारखा गोलसर, चकचकीत, रिव्हेट मारून जोडलेला. तो आकार मुळात हॉली बोलस या विमान बांधणाऱ्या माणसाचा. त्यांच्या ट्रेलरचं दार अगदी पुढं, जोडणीच्या दांड्यावर होतं. आत जायचं तर दांडा ओलांडून चढावं लागे. बायम यांनी दार बाजूला आणलं. चार माणसं झोपतील, नळाला पाणी येईल, विजेचे दिवे लागतील असं हे घर. किंमत १२०० डॉलर. मॉडेल टीच्या २६० डॉलरशी ताडून पाहा, म्हणजे ते कुणाच्या आवाक्यातलं होतं ते कळेल.

त्याच सुमाराला त्याच रस्त्यांवर दुसरीही चाकावरची घरं होती. ओक्लाहोमा, टेक्सास या भागांत दुष्काळ पडला होता. धुळीच्या वादळांनी शेतं उडून गेली होती. जुन्या मोटारीवर आणि घरी ठोकलेल्या ट्रेलरवर गाद्या, भांडी, लेकरं लादून शेतकरी कुटुंबं कॅलिफोर्नियाकडं कापूस वेचायला, फळं तोडायला निघाली होती. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आपले शंभरावर शिपाई थेट राज्याच्या सीमेवर नेऊन उभे केले. खिशात पैसे नाहीत, हाताला काम नाही, अशी माणसं दिसली की परत फिरवायची. चकचकीत ट्रेलरला कुणी अडवत नव्हतं. चाकं दोघांनाही होती.

आत शिरलेल्यांना मुक्कामाला जागा कुठली? कालव्याच्या कडेला, शेताच्या बांधाला. पाणी कालव्याचंच. मग सरकारनं काही वस्त्या उभारल्या. आर्विन गावाजवळची वस्ती त्यांतली सुरुवातीची. तिथं संडास होते, अंघोळीची सोय होती, कपडे धुवायची कुंडं होती, आणि कारभार बघायला तिथं राहणाऱ्यांनीच निवडलेल्या समित्या होत्या. बायकांचं मंडळसुद्धा होतं. घर तेच, माणसं तीच. पण नळ आणि संडास आल्यावर जगण्यात किती फरक पडतो, हे तिथं दिसलं.

याच १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ग्रीन या टपालवाल्यानं एक छोटं पुस्तक काढलं. पुढं ते 'ग्रीन बुक' म्हणून प्रसिद्ध झालं. काळ्या प्रवाशांना कुठं जेवण मिळेल, कुठं मुक्काम करू देतील, याची यादी त्यात असायची. कारण मोटार स्वतःची असली, पैसे रोख दिले, तरी कितीतरी ठिकाणी त्यांना उतरू देत नसत. हे पुस्तक पुढं १९६० च्या दशकापर्यंत निघत राहिलं. गावाबाहेर थांबवलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पुष्कळ बायांना पुस्तक न वाचताही समजेल.

म्हणून आम्हाला वाटतं, चाकावरचं घर हौस ठरतं की नाइलाज, हे चाकांवर ठरत नाही. ते घर कुणाच्या मालकीचं, ते कुठं उभं करू देतात, आणि उभं केल्यावर पाणी-संडास मिळतं का, यावर ठरतं. पुढचा सगळा इतिहास याच तीन प्रश्नांभोवती फिरतो.

युद्ध, रिव्हेट आणि जागेचं भाडं

दुसरं महायुद्ध आलं. ॲल्युमिनियम विमानांना लागायला लागलं. बायम यांनी कारखाना बंद केला आणि ते विमानाच्या कारखान्यात कामाला गेले. सरकारनं मात्र हजारो ट्रेलर विकत घेतले. युद्धसामग्रीच्या कारखान्यांभोवती कामगारांना राहायला घरं नव्हती, म्हणून ट्रेलरच्या वस्त्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या. डेट्रॉईटजवळच्या विलो रन इथं फोर्ड कंपनीचा बॉम्बर विमानांचा प्रचंड कारखाना होता. तिथं कितीतरी बायका रिव्हेट मारायचं काम करत.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून यंत्रानं ठोकतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. एकट्याचं ते काम नाही. विमानाचा पत्रा असाच जोडायचा आणि ट्रेलरचाही. युद्ध संपलं तेव्हा बायकांना घरी पाठवलं गेलं, पण हे कसब आपल्याला येतं, हे त्यांच्या हातांना कळलेलं होतं.

युद्धानंतर ट्रेलरच्या दोन जाती झाल्या. एक हलका, सुट्टीला ओढून न्यायचा. दुसरा मोठा, एकदा नेऊन ठेवला की सहसा न हलणारा. १९५० च्या दशकात दहा फूट रुंदीचे असे मोठे ट्रेलर निघाले, त्यांना 'मोबाइल होम' म्हणू लागले. नावात हलतं घर, पण ते हलवायचा खर्चच परवडणारा नसे. गरीब आणि निवृत्त लोकांना ते स्वस्त पडलं, म्हणून त्यांनी घेतलं. यात एक मेख होती, ती आजही आहे. घर तुमचं, पण खालची जमीन दुसऱ्याची. जागेचं भाडं वाढलं की ओरडून उपयोग नाही, कारण घर उचलून न्यायचं कुठं? नऊ गुंठ्यांच्या वादात आयुष्य गेलेली माणसं आपण पाहतो. सातबारा कुणाच्या नावावर, हा प्रश्न अमेरिकेतही तितकाच खरा आहे.

ओझं, उलार आणि देखभाल

आता थोडं हसू. १९५४ साली 'द लाँग, लाँग ट्रेलर' नावाचा सिनेमा आला. ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ या नवरा-बायकोच्या जोडीनं त्यात काम केलं. नवं लग्न झालेलं जोडपं लांबलचक ट्रेलर घेऊन निघतं. चालत्या ट्रेलरमध्ये ती स्वयंपाक करायला जाते आणि सगळं तिच्या अंगावर पडतं. वाटेत प्रत्येक ठिकाणचा एकेक दगड आठवण म्हणून ती गोळा करते. नवरा म्हणतो फेक, ती लपवून ठेवते. मग घाटाची चढण येते आणि त्या दगडांच्या ओझ्यानं दोघांचा जीव टांगणीला लागतो.

सिनेमा गमतीचा, पण त्यातली गोष्ट खरी. ट्रेलरचा पहिला नियम ओझ्याचा. आपल्या बायांना तो बैलगाडीवरून लगेच कळेल. ओझं मागं जास्त झालं की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. पुढं जास्त झालं की बैलांच्या मानेवर भार येतो. ट्रेलरचंही तसंच. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर यायला हवा. त्याहून कमी आला, तर वेगात ट्रेलर मागं डोलायला लागतो आणि ओढणारी मोटारही रस्ता सोडते. म्हणून जड सामान खाली आणि चाकांच्या जवळपास, हलकं वर. ओट्याला दगडी कडाप्पा बसवायची हौस इथं चालत नाही.

दुसरा नियम जोडणीचा. हूक बसला, पिन घातली, तरी दोन साखळ्या खालून फुलीसारख्या ओलांडून लावायच्या. जोडणी निसटलीच, तर दांडा साखळ्यांच्या झोळीत पडतो, जमिनीत रुतत नाही. मागचे दिवे लागतात का, हे निघताना दर वेळी एकीनं मागं उभं राहून पाहायचं.

तिसरा नियम चाकांचा. ट्रेलर वर्षाचे कितीतरी महिने नुसता उभा असतो. टायरची नक्षी नवी दिसते, पण उन्हानं रबर आतून तडकलेलं असतं. म्हणून टायर झिजेवर न जाता वयावर बदलतात. चाकाच्या बेअरिंगला वेळच्या वेळी ग्रीस लागतं, नाही तर ते तापून जळतं.

चौथा पाण्याचा. ट्रेलरचा खरा शत्रू रस्ता नाही, गळती आहे. छताच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी आत जातं आणि भिंतीच्या आतलं लाकूड कुजतं. वरून काही कळत नाही. जुना ट्रेलर घेणारी बाई आधी कोपऱ्यांत पाय दाबून बघते. जमीन भुसभुशीत लागली, तर किंमत तिथंच उतरते. सांध्यांना दर वर्षी लांबी-डांबरासारखं भरण भरावं लागतं. पाचवा गॅसचा. नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहायचं, आणि बंद खोलीत शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही. तो धूर दिसत नाही, वासही येत नाही, पण जीव घेतो.

ही देखभाल ज्याला येते, त्याच्या हातात ते घर असतं. ज्याला येत नाही, तो दुसऱ्याच्या मर्जीवर.

हे नियम लोक एकमेकांकडून शिकले ते काफिल्यांत. १९५१ साली बायम यांनी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडं पहिला मोठा काफिला नेला. ६३ ट्रेलर निघाले. रस्ते इतके वाईट, की शेवटपर्यंत थोडेच टिकले. १९५९ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप टाउनहून ४१ ट्रेलर निघाले ते उत्तरेला कैरोपर्यंत गेले. पुढचा एक काफिला सिंगापूरहून निघून पोर्तुगालच्या लिस्बनला पोचला. या काफिल्यांची आखणी आणि पत्रव्यवहार सांभाळणाऱ्यांत बायम यांच्या चुलत घराण्यातल्या हेलन बायम श्वॅम्बॉर्न होत्या. परवानग्या, मुक्काम, पाणी, यादी. गटाची सचिव काय काय करते ते ज्यांना माहीत आहे, त्यांना हेलनबाईंचं काम वेगळं सांगायला नको.

आणि एक गंमत. १९६९ साली चंद्राच्या मोहिमेवरून तीन अंतराळवीर परत आले, तेव्हा त्यांच्यासोबत चंद्रावरचे जंतू येतील अशी भीती होती. म्हणून जहाजावर उतरल्या उतरल्या त्यांना एका बंद खोलीत ठेवलं. ती खोली म्हणजे चाकं काढलेला, बदल केलेला एअरस्ट्रीम ट्रेलरच होता. मेंढपाळाच्या गाड्यापासून निघालेलं घर असं चंद्रवाल्यांच्या मुक्कामाला आलं.

मालकी बाईची

अमेरिकेतली बाई कमवत असली, तरी कर्ज मागायला गेली की बँक नवऱ्याची नाही तर बापाची सही मागायची. विधवेला, एकटीला तर फारच अवघड. १९७४ साली तिथं समान पत संधीचा कायदा झाला आणि बाई म्हणून कर्ज नाकारायला बंदी आली. म्हणजे मॅरियनबाईंनी ओट्याचा हट्ट धरला त्या काळापासून, बाईला आपल्या नावावर ट्रेलर घ्यायचा कायदेशीर आधार मिळेपर्यंत, जवळजवळ अर्धं शतक गेलं. आपल्याकडं १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायचा प्रयोग सुरू केला. आपण सहीला पुरुष न आणता गटाच्या नावावर कर्ज घेतो, ती त्याच लढाईची आपली बाजू आहे.

१९९९ साली अमेरिकेत दोन बहिणींनी 'सिस्टर्स ऑन द फ्लाय' नावाचा बायकांचा गट सुरू केला. आज त्यात हजारो सभासद आहेत. कितीतरी जणींनी पन्नास-साठ वर्षांचे, कुणाच्या तरी शेडमागं गंजत पडलेले छोटे ट्रेलर स्वस्तात घेतले. कुजलेली जमीन काढली, नवी टाकली, वायर बदलली, गाद्या शिवल्या, पडदे लावले आणि बाहेरून आपल्याला हवी ती चित्रं काढली. स्वतः जोडायचा, स्वतः मागं घ्यायचा, स्वतः ओढायचा. पन्नाशी-साठीच्या बायका, काही विधवा, काही आजारातून उठलेल्या. ट्रेलर मागं घेताना चाक डावीकडं वळवलं की तो उजवीकडं जातो, हे शिकायला पहिल्यांदा सगळ्यांनाच वेळ लागतो. ट्रॉली मागं घेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा.

आपल्या बैठकीसाठी

आता आपल्याकडं येऊ. राज्याच्या धोरणात कॅरॅव्हॅन उभ्या करायच्या जागा, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्क, यांचा विचार आहे. अशा जागेला पाणी हवं, वीज हवी, रस्ता हवा, संडास हवा, हे सगळेच मान्य करतात. तसं पार्क आपल्या भागात झालं, तर गटांना कामं आहेत: जेवण, भाकरी-चटणीचे डबे, कपडे धुणं, चादरी-पडदे शिवणं, जागेची राखण. मात्र कुणी गटाला थेट कॅरॅव्हॅन विकत घ्या म्हणालं, तर आधी हिशोब मांडा. वर्षातले किती दिवस ती चालेल, किती दिवस उभी राहील, टायर, विमा, दुरुस्ती कुणाच्या पदरात. हप्ता उभ्या गाडीलाही भरावा लागतो.

आणि याहून महत्त्वाचं. चार दिवसांच्या सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना रात्री थांबायला नळ, दिवा आणि संडास लागतो, हे आपण सगळे मान्य करतो. मग पाच-सहा महिने फडावर राहणाऱ्या आपल्या बायकांना ते का लागू नये? कोपीत नळ नाही, दिवा नाही. अंधार पडायची वाट पाहत बसलेल्या पोरीबाळी आहेत, बाळंतीण आहे. आर्विनच्या वस्तीत नव्वद वर्षांमागं जे उपऱ्या मजुरांना मिळालं, ते मागायला आपल्याला संकोच कसला?

पुढच्या बैठकीत दोन कामं करा. ज्या घरांतून यंदा कोयता जाणार आहे, त्यांची यादी करा, आणि उचल घेण्याआधी मुकादमाला तीन गोष्टी सगळ्यांसमोर विचारा: मुक्काम कुठल्या जागेवर, पाणी किती लांब, संडासाची काय सोय. उत्तरं इतिवृत्तात लिहा, खाली त्याची सही घ्या. दुसरं, ट्रॉली निघायच्या आदल्या दिवशी दोघीतिघींनी जाऊन तिचा हूक, साखळी, टायर आणि मागचे दिवे बघा. लेकरं त्यातच बसणार आहेत.

काय उत्तरं मिळाली, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात ती वाचून दाखवू.